रान माझं, मग डुकरं कोणाची?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

ठाण्यात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याशी 22 एकर वडिलोपार्जित जमीन आहे. आजूबाजूची रानं तोडून काजू आणि रबर लागलं, यांनी मात्र आपलं रान राखलं. मधून एक व्हाळ (ओढा) वाहतो, त्यात एक खोल कोंड (डोह) आहे. रानात भेकरं आहेत, खवले मांजर दिसतं, कधी गवे येऊन जातात, आणि गेल्या वर्षी बिबट्याचे ठसेही उमटले. अडचण आहे ती शेजारच्या वाडीशी. शिमग्याच्या सुमारास वाडीतले लोक या रानात हाका घालून (आरडाओरड करत जनावरं हाकून) डुकराची शिकार करतात आणि पहिल्या पावसात व्हाळात चढणीचे मासे धरतात. दोन्ही पूर्वापार चालत आलेलं. यंदा गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) तारेची एक फासकी (जनावर अडकवायचा फास) सापडली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कोणीतरी कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकली होती. वाचकांनी वाडीत विषय काढला तेव्हा एका वयस्कर शेतकऱ्याने विचारलं, "तुमच्या रानातली डुकरां आमचा भात खातत. मगे ती डुकरां कोणाची?" अमेरिकेतला मुलगा म्हणतो, जागा आपली आहे, 'शिकारीस सक्त मनाई'चा बोर्ड लावा आणि राखणदार ठेवा. पत्नी म्हणते, गावाशी वैर नको. फक्त वाडीतल्यांना, फक्त डुक्कर, तेही शिमग्यापुरतं चालेल असं सांगा आणि बाहेरच्यांना बंदी करा. शिकार झाली की वाडीतून यांच्या घरी एक वाटाही येतो. वाचक विचारतात: माझ्या जागेत शिकारीचे आणि मासेमारीचे नियम मी कसे ठरवू?

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा जाणवलं ते हे की घरात दोन मतं असली तरी दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच आहे. चिरंजीव म्हणतात मनाई करा, वहिनी म्हणतात मर्यादित परवानगी द्या. म्हणजे शिकारीला हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क जमिनीच्या मालकाकडे असतो, हे दोघांनाही मान्य आहे. आपल्या देशात तो हक्क मालकाकडे नाही, तेव्हा आधी तिथूनच सुरुवात करतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 चं कलम 9 शिकारीला बंदी घालतं, आणि ती जमीन कोणाची आहे हे पाहत नाही. अभयारण्यात बंदी आणि खाजगी रानात मोकळीक, अशी त्यात फोड नाही. शिकारीची व्याख्याही लोकांना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. मारणं, विष घालणं, पकडणं तर त्यात आलंच. फासकी लावणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं, हाकलून नेणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकार ठरतं. म्हणजे हाका घालणारा, ज्याच्या हातात काठी आणि पत्र्याचा डबा आहे, तोही बंदूकवाल्याइतकाच शिकारी. रानडुक्कर हा प्राणी 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, आहे. त्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गवा, बिबट्या, खवले मांजर आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथे किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान 25,000 रुपये दंड.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम, 52. गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही ते गुन्हेगार धरतं. वहिनींनी सुचवलेली परवानगी तुम्ही तोंडी दिलीत तरी ती साथ ठरू शकते, लेखी दिलीत तर पुरावाच तयार होईल. आणि घरी येणारा तो वाटा? कलम 39 नुसार शिकार झालेलं जनावर आणि त्याचं मटण सरकारची मालमत्ता असतं. ते घरात ठेवणं हादेखील गुन्हा आहे. वाडीतल्यांनी तो मान म्हणून पाठवला, तुम्ही मान म्हणून घेतलात, त्यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं हे मी समजू शकतो. पुढच्या वेळी मात्र हात जोडून, चार गोड शब्द बोलून परत पाठवा. त्यावर भाषण देऊ नका.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला कायद्याने द्यायचं उत्तर असं: डुकरं तुमची नाहीत आणि त्यांचीही नाहीत. तुम्ही मालक आहात ते मातीचे आणि झाडांचे. झाडांच्या बाबतीतही तोडायची वेळ आली तर परवानगी लागते, पण तो विषय आज बाजूला ठेवू.

चिरंजीवांचं चुकतंय ते थोडं वेगळ्या कारणाने. ते जिथे राहतात तिथेही जंगली जनावर जमीनमालकाचं नसतं. मात्र तिथलं राज्य शिकारीचे परवाने विकतं, हंगाम आणि संख्या ठरवून देतं, आणि मग आपल्या जागेत कोणाला येऊ द्यायचं हे मालक ठरवतो. त्यामुळे तिथल्या बोर्डाला अर्थ असतो. इंग्लंडमध्ये तर काही शिकारी पक्षी-प्राणी मारण्याचा हक्क जमिनीला जोडलेला असतो आणि तो वेगळा विकताही येतो. आपल्याकडेही एके काळी परवाने मिळत. वाडीतल्या जुन्या माणसांना ते आठवत असेल. 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची ती पद्धतच कायद्यातून काढून टाकली. म्हणून "आमच्या आज्याला सरकारनेच परवाना दिला होता" असं कोणी म्हणालं तर त्याला खोटं ठरवू नका. तो खरंच बोलत असेल. परवाना देणारी व्यवस्था उरलेली नाही, एवढंच त्याला सांगायचं.

परंपरेच्या मुद्द्यावरही थोडं बोलायला हवं, कारण वाडीत तो नक्की निघेल. वनहक्क कायदा 2006 ने जंगलावर पोट असलेल्यांचे कितीतरी हक्क मान्य केले, पाण्यातले मासे धरण्याचा हक्कसुद्धा. पण त्याच कायद्याने पारंपरिक शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. पारधीचा मान, देवाचं गाऱ्हाणं, वाटे घालण्याची रीत, यामागे गावाला एकत्र बांधणारं बरंच काही आहे. गाऱ्हाणं घाला, जेवण करा, सगळ्या वाडीने एकत्र जमा. मी तर म्हणेन त्या दिवशी तुम्हीही ठाण्याहून जा आणि खर्चातला वाटा उचला. फक्त त्यात जनावर मरता कामा नये.

इथवर कायदा झाला. पण कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून तुम्ही मोकळे झालात असं मला वाटत नाही. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अजून तसाच आहे. त्याचं भात खरोखर जातंय. ठाण्यात बसून आपण रान राखल्याचं समाधान घेतो आणि त्याची किंमत आश्विनात रात्रभर माळ्यावर डबा वाजवत बसणारा माणूस भरतो. हे बदललं नाही तर कुठलाही नियम टिकणार नाही.

तुम्ही एक गोष्ट पाहिली आहे का? वाडीतलं भात पसवतं आणि पिकतं ते भाद्रपद-आश्विनात. डुकरांचा मारा तेव्हा असतो. हाका पडतो शिमग्यात, म्हणजे फाल्गुनात, जेव्हा शेतात भाताची फक्त धसकटं उरलेली असतात. एखाद-दुसरं डुक्कर मारून पुढच्या आश्विनातलं भात वाचत नाही. डुकरिणीला एका वेताला चार-सहा पिल्लं होतात. हाक्याने बाकीचा कळप पांगतो आणि दुसऱ्या वाडीच्या मळ्यात उतरतो. हे वाडीतल्यांशी वाद घालायला सांगत नाहीये. शिकार आणि पिकाची राखण हे दोन वेगळे विषय आहेत आणि ते वेगळे काढता येतात, एवढंच तुमच्या ध्यानात यावं म्हणून सांगतोय.

पिकाच्या राखणीसाठी कायद्यात वाट आहे, आणि ती वाडीला दाखवून देणं तुमचं काम समजा. कलम 11 नुसार दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाची नासाडी करत असेल तर त्याला मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या बाबतीत हे अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणलेले आहेत. अर्ज नुकसान झालेल्या शेतकऱ्याने करायचा. परवानगी ठरावीक जागेसाठी, ठरावीक मुदतीसाठी असते आणि मारलेलं जनावर वनविभागाच्या ताब्यात द्यावं लागतं. वाडीत पीकसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका असतील, सिंधुदुर्गात त्या बऱ्याच घरांत आहेत. त्या परवान्यावर शिकार करता येते हा गैरसमज फार पसरलेला आहे. बंदुकीचा परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा वेगळा लागतो.

इथे मात्र तुमच्याकडे खरोखरीचा निर्णय आहे. शेजाऱ्याने त्याच्या शेतासाठी अशी परवानगी काढली तर तुम्ही आडकाठी करू नये, असं माझं मत आहे. पण पाठलाग करत तुमच्या रानात शिरून बार काढायला तुम्ही नाही म्हणू शकता, आणि तसं वनक्षेत्रपालांना आधीच लेखी कळवून ठेवा. शेत त्याचं, तिथे त्याचं ऐकायचं, रानात रानाचं.

परवानगीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे ते कुंपण. तुम्ही राखणदार आणि काटेरी तार यांचा खर्च विचारला आहे. तो पैसा तुमच्या रानाभोवती घालू नका, वाडीच्या मळ्याभोवती घाला. 22 एकरांच्या रानाला तार मारली तर भेकरंही अडकतील आणि डुकरं खालून उकरून जातीलच. त्याऐवजी मळ्याची जी बाजू रानाला लागून आहे तेवढ्याच बाजूला सौर कुंपण घाला. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. अशा कुंपणासाठी सरकारी योजना आहेत, वाडीने मिळून अर्ज केला तर मदत मिळू शकते. उरलेल्या रकमेत तुमचा हिस्सा असू द्या. घरातली वीज थेट तारेत सोडणं मात्र कोणालाही करू देऊ नका. त्यात डुकराआधी माणसं मेली आहेत, आणि तो सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो.

आणखी एक काम तुमच्याच हद्दीत आहे. राखलेलं रान म्हणजे हात न लावलेलं रान असं आपण धरून चालतो, आणि मग शेताच्या कडेला रानमोडीचं तण पुरुषभर वाढतं. डुकरं दिवसा बसतात ती बहुतेक तिथे. गडग्यालगतचा पट्टा दरवर्षी गणपतीच्या आधी साफ करून घ्या, आणि ते काम वाडीतल्याच माणसांना रोजगार म्हणून द्या. आतलं जुनं रान तसंच राहू द्या. नुकसान झालं की पंचनाम्यासाठी वनविभागाला लगेच कळवावं लागतं. मुदत टळली की अर्ज फेटाळला जातो. वाडीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला हे अर्ज भरायची सवय लावून दिलीत तर तुमच्या बोर्डापेक्षा त्याचा उपयोग मोठा होईल.

आता फासकीकडे येतो, कारण पत्रात तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत केलात आणि माझ्या दृष्टीने ती सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय ते असं: गडग्याच्या खिंडाराशी, जिथून डुकरं ये-जा करून माती गुळगुळीत झाली आहे, तिथे दुचाकीच्या क्लचची वायर. एक टोक किंदळीच्या रोपट्याला पीळ देऊन बांधलेलं, दुसऱ्या टोकाचा सरकता फास गुडघ्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना करवंदीच्या फांद्या रोवून वाट अरुंद केलेली. हे नवख्याचं काम नाही. आणि असा फास कोण अडकतंय ते पाहत नाही. कोकणात फासकीत बिबटे अडकून मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पोटाला वायर आवळते आणि जनावर जितकं ओढतं तितकी ती आत रुतते. हाका घालणारा निदान समोर येतो, त्याच्याशी बोलता येतं. फासकी लावणारा घरी झोपलेला असतो.

म्हणून यात वाडीशी सल्लामसलत वगैरे काही नको. पावसाआधी आणि शिमग्याआधी, वर्षातून निदान दोनदा, माहितगार माणूस बरोबर घेऊन संपूर्ण हद्द पायी फिरा. खिंडारं, डुकरांच्या वाटा आणि पाण्यावर उतरण्याच्या जागा नीट बघा. फासकी सापडली की फोटो काढा, जागा नोंदवा आणि वनरक्षकाला बोलवा. वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे, त्यावर चोवीस तास कळवता येतं. रिकामी फासकी तुम्ही सोडवलीत तरी चालेल, पण जनावर अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका, लोकांना जमू देऊ नका, मोबाइलवर चित्रण करू देऊ नका. माणसांच्या गलक्याने बिबट्या जास्त हिसके देतो आणि तार तुटली तर समोरच्यावर जातो. कोणी लावली याचा शोध तुम्ही घेऊ नका. नाव कळलं तरी गावात बोलू नका, वनक्षेत्रपालांना सांगा.

बोर्डाबद्दल दोनच शब्द. लावा, पण "मालकाच्या हुकमावरून" असं त्यावर नको. वन्यजीव अधिनियमानुसार शिकार, फासकी आणि हाका हा गुन्हा आहे आणि खबर देण्यासाठी 1926, इतकंच मराठीत लिहा. खाली तुमचं नाव नको. वाडीची जुनी वहिवाटीची पायवाट रानातून जात असेल तर ती अडवू नका. तिच्यावरून झालेला तंटा तहसीलदारांपुढे गेला तर तुम्ही हराल, आणि हरायलाच हवं.

आता मासे. मला स्वतःला तुमच्या पत्रातला हा भाग जास्त आवडला, कारण इथे कायदा बराचसा बाजूला उभा आहे आणि ठरवायचं आहे ते तुम्ही आणि वाडीने मिळून.

आधी पाणी कोणाचं ते बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे जे नदी, ओढे, नाले आणि वाहतं पाणी कोणाच्या मालकीचं ठरलेलं नाही ते सरकारचं. तुमचा व्हाळ गावनकाशावर वेगळा दाखवला आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात तपासा. सातबाऱ्यावर पोटखराबा 'ब' किती लावला आहे तेही पाहा. इतर लोक पाण्यासाठी वापरतात तो ओढा त्यात धरला जातो. तसं असेल तर व्हाळ तुमच्या जमिनीतून वाहतो, पण तुमचा नाही, आणि वाडीला मासे धरायला सरसकट मनाई करणं तुम्हाला जमणार नाही. तुम्ही स्वतः खणलेलं तळं असतं तर गोष्ट वेगळी होती. सातबारा काढालच तेव्हा इतर हक्कांच्या रकान्यात 'खाजगी वन' असा शेरा आहे का तेही बघून घ्या. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे सिंधुदुर्गातल्या अनेक सातबाऱ्यांवर तो आहे, आणि असेल तर पुढचं काहीही करण्याआधी वकिलाला भेटा.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते ना, मग व्हाळात कशी चालते, असं तुम्ही विचारलंय. ती बंदी समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला आहे, व्हाळाला लागू नाही.

लागू आहे तो मासेमारीचा कायदा. पाण्यात विष, चुना किंवा कुठलाही घातक पदार्थ टाकून मासे मारणं आणि सुरुंग लावून मासे मारणं त्यात गुन्हा आहे. पण त्याच्या शिक्षेचा धाक कोणाला वाटत नाही. मला वाडीत दुसरीच गोष्ट सांगाविशी वाटते. पूर्वी मासे गुंगवायला गेळाची फळं किंवा रामेठ्याची साल कुटून टाकत. त्यातही नुकसान होतंच, पण ते एका डबक्यापुरतं राहायचं. ब्लिचिंग पावडर टाकली की मासे तर मरतातच, शिवाय कुर्ल्या, शिंपल्या, बेडकांची पिल्लं, दगडाखालचे किडे, सगळं संपतं आणि पुढच्या वर्षी त्या कोंडीत यायला कोणी उरत नाही. खालच्या अंगाला वाडीची गुरं तेच पाणी पितात. या एका गोष्टीवर तुम्ही आणि वाडी एकाच बाजूला आहात. वयस्कर माणसं ब्लिचिंगवाल्यांवर तुमच्यापेक्षा जास्त चिडलेली असतील, विचारून बघा. बॅटरीचा शॉक देणाऱ्यांनाही हेच लागू.

चढणीच्या माशांचं मात्र जपून बोलायला हवं. मिरगाचा (मृग नक्षत्राचा) पहिला मोठा पाऊस पडला की खालच्या नदीतले मळये, खवळे, शेंगट्या लाल पाण्यातून वर चढतात. व्हाळातून पाटात, पाटातून मळ्यात. पोटं गाबोळीने (अंड्यांनी) टच्च फुगलेली असतात. ते अंडी घालायला निघालेले असतात, आणि नेमक्या त्याच रात्री सगळी वाडी कंदील, बॅटऱ्या आणि खोयनी घेऊन पाण्यात उतरते. कोकणातल्या माणसाला या रात्रीचा किती आनंद असतो हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही लहानपणी आजोबांबरोबर गेला होतात असं लिहिलं आहे. पावसाच्या तोंडावर, घरात ताजी मासळी नसताना, हे अन्नही असतं. ते पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही.

पण सगळेच मासे वर चढायच्या आत धरले गेले तर पुढच्या पावसात चढणार कोण? वाडीपुढे ठेवायला दोन-तीन गोष्टी सुचतात. व्हाळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं किंवा बांध घालून वाट पूर्ण अडवू नये. अर्धं पात्र मोकळं राहावं. पहिल्या चढणीला काही रात्री सोडून द्याव्यात, किती ते त्यांनीच ठरवावं. गरवायला (गळाने) आणि पागायला (फेकजाळ्याने) पुढे सगळा पावसाळा मोकळा असावा. आणि कोंड वर्षभर राखीव ठेवावी, कारण चैत्र-वैशाखात व्हाळ आटला की उरलेली सगळी मासळी तिथे येऊन थांबते; त्या दिवसांत कोंड उपसली की व्हाळ रिकामा. मासे धरताना कासव मिळालं तर सोडून द्यायचं. पाणमांजराच्या वाटेला जायचं नाही. पावसातल्या मोठ्या बेडकांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि गोव्याच्या हॉटेलांना पुरवायला रात्री बॅटऱ्या घेऊन येणारे लोक तुमच्या भागात फिरत असतील तर तेही 1926 वर कळवायचं.

राखीव कोंड ही काही शहरातून आणलेली कल्पना नाही. महाड तालुक्यात वाळण कोंडीतले महाशीर मासे वरदायिनी देवीचे म्हणून लोकांनी राखले आहेत. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहात महादेवाच्या नावाने तेच. तुमच्या जवळ, आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडात जो लहानसा मासा सापडला, शिस्तुरा हिरण्यकेशी, तो शास्त्राला 2020 मध्ये कळला. गावाचा तो देवाचा मासा होताच. 2021 मध्ये तिथली 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तुमच्या व्हाळात काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून लोकजैवविविधता नोंदवहीत माशांची नोंद करून घ्या, मासे धरणाऱ्या माणसांकडूनच नावं विचारून.

एक मात्र करू नका. कोंड देवाची आहे असं तुम्ही स्वतः उठवू नका. वाडीला तसं वाटलं, त्यांनी कौल लावला, मानकऱ्यांनी ठरवलं, तर उत्तम. तुम्ही नारळ घेऊन उभे राहा. पण ठाण्याहून आलेल्या मालकाने सोयीसाठी देव पुढे केला असं कोणाला एकदा वाटलं की ती कोंड पहिल्यांदा उपसली जाईल.

शेवटी तुम्ही विचारलेल्या 'समुदाय राखीव क्षेत्रा'बद्दल. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 36 सी प्रमाणे खाजगी मालकाने स्वेच्छेने पुढे येऊन आपली जमीन तशी जाहीर करून घेता येते. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा जागेच्या व्यवस्थापन समितीत मालक, वनविभागाचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी असे तिघेही असतात. मला ही रचना आवडते, कारण नियम मग एकट्या मालकाचे राहत नाहीत. पण एकदा जाहीर झालं की समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. ते तुमच्या मुलाला आणि त्याच्या मुलांनाही बांधील. त्याला मान्य आहे का, हे त्याच्याकडून स्वच्छ वदवून घ्या; नसेल तर आत्ता घाई नको. संगमेश्वर भागात पुण्याच्या 'ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने खाजगी रानं राखण्यासाठी मालकांशी आणि गावांशी करार केले आहेत. त्यांचं काम पाहून या, मग ठरवा.

आणि वाडीची बैठक मिरगाच्या आधी घ्या, फोनवर नको. बाहेरच्या कोणाला, वनविभागालाही, पहिल्या बैठकीला नेऊ नका. सुरुवात मळ्याच्या कुंपणापासून करा आणि तुमचा हिस्सा किती ते आकड्यात सांगा. त्यानंतर ब्लिचिंग पावडर, मग चढणीचे मासे. हाक्याचा विषय तुम्ही काढू नका. तो वाडीतूनच निघेल, आणि निघाला की कलम 52 मध्ये तुम्हीही अडकता हे तुमच्याबद्दलचं खरं कारण सांगा, उपदेश नको. ज्या म्हाताऱ्याने डुकरं कोणाची म्हणून विचारलं त्यांना आधी एकटे जाऊन भेटा, आणि गेल्या आश्विनात त्यांचं किती भात गेलं ते लिहून घ्या.